अक्कल आणि गुडघे

माझी अक्कल गुडघ्यात आहे, असं आमचे अप्पा मी चौथीत असल्यापासून सांगत आलेत. मी ते वडिलांच्या तोंडचं एक कौतुक समजून सोडून द्यायचो. पण पुढे लष्कराच्या एका डॉक्टरसाहेबांनी मला नुसत्या चड्डीवर उभं केलं, गुडघ्याला गुडघा टेकवायला लावला, खाली वाकून दोन्ही घोट्यांच्या मध्ये पट्टी धरली आणि माझ्या गुडघ्यांची रीतसर मोजणी केली, तेव्हा अप्पांच्या म्हणण्याची सरकारदरबारी नोंद झाली. हे अंतर पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर मुलगा राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, जाऊ शकतो. माझं साडेसहा भरलं.

दीड सेंटिमीटर! एवढं कापड तर आमची आई मशीनवर बसल्या बसल्या आत दुमडते आणि कुणाला कळतही नाही.

आता हा उद्योग मला सुचला कुठून, ते सांगतो. आम्ही सातारचे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली आमच्या गावात निघालं, आणि जवळच अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागतं. तिथल्या घराघरातला कुणी ना कुणी फौजेत. त्याच गावचे एक सुभेदार काका निवृत्त होऊन आमच्या शेजारी राहायला आले होते आणि पहाटे पाचला अंगणात असे काही खाकरायचे, की आख्खी आळी सावधान व्हायची. अशा वातावरणात मुलाला फौजेचं वेड लागणारच. मला मात्र ते लागलं सिंहगडाच्या सहलीत. सरांनी खडकवासला धरणाच्या पलीकडे बोट दाखवून सांगितलं, “ती बघा एनडीए!” आणि लांबवर झाडीतून डोकावणारा तो घुमट बघून माझ्या अंगावर काटा आला. मी तिथेच ठरवलं की जायचं तर इथेच. मग आम्ही गडावर गेलो आणि त्या निश्चयाच्या भरात मी दोन भाकरी पिठलं, तीन प्लेट कांदाभजी आणि मडक्यातलं दही चार वेळा खाल्लं. माझ्या लष्करी कारकिर्दीचा आणि माझ्या वजनाचा पाया असा एकाच दिवशी घातला गेला.

लेखी परीक्षा मी बारावीत असताना, २००१ साली दिली. पास कसा झालो ते मला अजून कळलेलं नाही, तेव्हा त्यात शिरत नाही. पण भोपाळच्या मुलाखतीचं सांगायलाच हवं. ‘मुलाखत’ हा शब्द भाबडा आहे. आमच्याकडे मुलाखत म्हणजे समोर तीन माणसं, एक फाईल आणि एक कप चहा. ही मुलाखत पाच दिवस चालते. छातीपाठीवर नंबर बांधतात, म्हणजे तिथे तुम्हाला नाव नसतं, चेस्ट नंबर असतो. पंधरा-पंधरा सेकंदांना एक असे साठ शब्द दाखवतात आणि मनात येईल ते लिहायला लावतात. धूसर चित्रं दाखवून गोष्टी लिहून घेतात. माझ्या बहुतेक गोष्टींतला नायक सगळ्यांना वाचवून शेवटी जेवायला बसत होता, हे मला चौथ्या चित्राच्या वेळी लक्षात आलं. पण तोवर त्याला भूक लागलेली होती.

मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी छंद विचारला. मी म्हटलं, “ट्रेकिंग.” कुठले किल्ले बघितले? मी म्हटलं, “सिंहगड.” काय आहे तिथे? अहो, तानाजीची समाधी आहे, कल्याण दरवाजा आहे, टिळकांचा बंगला आहे, हे सगळं मला पाठ होतं. पण तोंडातून आलं, “सर, पिठलं-भाकरी.” साहेब हसले. मग एनडीएची माहिती विचारली तेव्हा मात्र मी सुटलो. पायाभरणी ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते, उद्घाटन जानेवारी १९५५ मध्ये, मुख्य इमारतीला सुदान ब्लॉक म्हणतात कारण दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या भारतीय जवानांच्या आठवणीसाठी सुदानने पैसे दिले. मी इतक्या जोरात सांगत होतो की साहेबांनी मला पाणी दिलं.

पण माझी खरी कमाल झाली मैदानावर. तिथे आठ-नऊ मुलांच्या टोळीला एक फळी, एक बल्ली आणि दोर देतात आणि मधल्या खांबांवरून सगळ्यांनी सामानासकट पलीकडे जायचं असतं. लाल रंगाला माणसानेही टेकायचं नाही आणि सामानानेही नाही. फळी तर पुढच्या खांबापर्यंत पोचत नाही. मग करायचं काय? फळीचा अर्धा भाग पुढे अधांतरी सोडायचा, मागच्या टोकावर एका जड माणसाने उभं राहायचं आणि बाकीच्यांनी तिच्यावरून पुढे जाऊन उडी मारायची. हे ज्याला सुचलं तो मुलगा डेहराडूनचा होता. पण “जड माणूस कोण?” असं त्याने विचारायच्या आतच सात जणांची सात बोटं माझ्याकडे वळली होती.

मी उभा राहिलो. असा उभा राहिलो की फळी म्हणजे जणू सिमेंटचा स्लॅब. एक गेला, दुसरा गेला, सगळे गेले. पलीकडे टाळ्या पिटल्या गेल्या आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की मागच्या टोकावर उभं राहायला आता कुणी उरलेलं नाही आणि मी अलीकडेच आहे. वेळ संपली. मैदानावरचे साहेब वहीत काहीतरी लिहीत माझ्याकडे बराच वेळ बघत होते. मला मागे राहावं लागलं होतं. त्यांनी बहुधा ‘त्याग’ असं लिहिलं.

पाचव्या दिवशी दोनच नंबर पुकारले गेले. त्यातला एक माझा होता.

मी धावत एसटीडी बूथवर गेलो आणि घरी फोन लावून ओरडलो, “अप्पा, झालं माझं! फक्त आता मेडिकल...” आणि लाइन कटली. अप्पांनी ‘झालं’ एवढंच ऐकलं. जिल्हा परिषदेत तीस वर्षं कारकुनी करून जो माणूस प्रत्येक कागदावरची तळटीप वाचायचा, त्याने आयुष्यात एकदाच तळटीप न वाचता मोती चौकातून दोन किलो कंदी पेढे आणले आणि ऑफिसपासून आळीपर्यंत वाटून टाकले. सुभेदार काकांनी पेढा खाऊन हवेतच सलाम ठोकला. त्याच वेळी मी तिकडे भोपाळला चड्डीवर रांगेत उभा होतो.

कानापासून सुरुवात झाली. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड पाडून उजव्या कानात बघितलं, मग डाव्या कानात बघितलं, मग शेजारच्या खोलीतून दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून त्यांनाही दाखवलं. “तुला ऐकू येतं?” मी म्हटलं, “येस सर.” ते म्हणाले, “कमाल है.” पुढे वजनकाटा. माझ्या उंचीला जेवढं वजन हवं त्यापेक्षा तेरा किलो जास्त. ज्या तेरा किलोंनी मला मैदानावर तारलं, तेच तेरा किलो आता माझ्या नावावर कर्ज म्हणून निघाले. आणि मग ती पट्टी. कागदावर तीन शेरे पडले: वॅक्स, ओव्हरवेट, नॉक नी. पहिले दोन तात्पुरते, तिसरा कायमचा. बेचाळीस दिवसांत अपील करता येईल, असं सांगून त्यांनी मला कपडे घालायला परवानगी दिली.

घरी आलो तेव्हा ओट्यावर शेजारणी अभिनंदनाला बसलेल्या. अप्पांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. आजीने आतून विचारलं, “काय म्हणतात ते?” मी म्हटलं, “नॉक नी.”

“नाक नि?” आजी म्हणाली. “नाक नि आणखी काय?”

झालं. दिवेलागणीच्या आत आळीभर बातमी गेली की पोराला नाकामुळे काढलं. पुढचा महिनाभर लोक माझ्याशी बोलताना माझ्या नाकाकडे बघत, आणि जाताना “एवढं काही वाईट नाही हो,” असं म्हणत. एका काकूंनी रोज नाकात दोन थेंब तूप सोडायला सांगितलं. आजीने ते सोडलंही. मी काही बोललो नाही, कारण गुडघ्यांची हकिकत सांगायची तर बसून सांगावी लागली असती.

बेचाळीस दिवस सुरू झाले. कानाचं काम सोपं होतं. आमच्या डॉक्टरांनी आधी चार दिवस थेंब घालायला लावले आणि मग कोमट पाण्याची पिचकारी मारून जे काही बाहेर काढलं, ते बघायला कंपाउंडरही आला. खारकेच्या बीएवढा ऐवज होता. रस्त्यावर आलो तर जगाचा आवाज दुप्पट झालेला! एसटीचा हॉर्न ऐकून मी गटारीत उडी मारली. त्या रात्री मला आयुष्यात पहिल्यांदा पलीकडच्या खोलीतलं अप्पा-आईंचं बोलणं स्वच्छ ऐकू आलं. विषय मी होतो. पुन्हा मळ साठायला किती दिवस लागतात, ते मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून आलो.

गुडघ्यांवर मात्र गावातल्या प्रत्येकाकडे इलाज होता. एकाने सांगितलं, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी धर. उशी रात्री सटकायची, म्हणून आईच्या जुन्या पातळाची पट्टी फाडून लोडच बांधून घेतला. पहाटे दूधवाल्याने कडी वाजवली. मी झोपेत उठलो, पहिलं पाऊल टाकलं आणि दुसरं पाऊल लोडासकट पहिल्याबरोबरच निघालं. दूधवाल्याने दार ढकलून बघितलं तर मी उंबऱ्यात पालथा, पायांत लोड. तो म्हणाला, “किती लिटर?”

सुभेदार काकांचा सिद्धान्त वेगळा होता. घोडदळातल्या माणसांच्या पायांना कमान येते, तर कमान आली की गुडघे आपोआप लांब जाणार. तेव्हा घोड्यावर बस! साताऱ्यात घोडा कुठून आणायचा? पण पाचगणी काही लांब नाही. एका रविवारी मी टेबललँडवर जाऊन तासभरासाठी घोडा ठरवला आणि घोडेवाल्याला म्हटलं, जोरात पळव. घोडेवाला तयार होता, घोडा नव्हता. त्याचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे हनिमूनची जोडपी. तो वीस पावलं चालायचा, थांबायचा, मान वळवून फोटोसाठी उभा राहायचा, पाच मिनिटांनी पुन्हा वीस पावलं. शेवटी तो मला मक्याच्या कणसाच्या गाडीपाशी घेऊन गेला आणि तिथून हलेना. मीही मग दोन कणसं घेतली, एक मला, एक त्याला. पण परिणाम झाला, खोटं का बोलू! पुढचे दोन दिवस माझे गुडघे कितीही ओढले तरी एकमेकांजवळ येत नव्हते. बोर्डाने त्या दोन दिवसांत बोलावलं असतं तर मी आज ब्रिगेडियर असतो.

बोर्डाने बाविसाव्या दिवसानंतर बोलावलं. कान पास. वजन पाच किलो उतरलेलं, आठ शिल्लक. घोट्यांमधलं अंतर पाच पूर्णांक आठ. पुन्हा नापास. पण तिथला पट्टी धरणारा मदतनीस भला माणूस होता. मी पँट चढवत असताना हळूच म्हणाला, “भाई, तेरे घुटने नहीं मिल रहे, तेरी चर्बी मिल रही है.” म्हणजे मांड्या आणि गुडघे जाड, म्हणून ते आधीच एकमेकांना टेकतात आणि खाली घोटे बिचारे लांब राहतात. हाडात फार खोट नव्हती. एवढ्या डॉक्टरांनी, दूधवाल्याने आणि घोड्याने मला हे आधी का सांगितलं नव्हतं?

साडेएकोणीस वर्षांपर्यंत वयात बसत होतो. पुन्हा अर्ज भरला. पुन्हा म्हणजे सगळंच पुन्हा. लेखी परीक्षा, पाच दिवस, मग मेडिकल. आधीची पुण्याई जमेला धरत नाहीत. पण माझ्या डोक्यात हिशेब पक्का होता: डोकं एकदा पास झालंय, ते काही कुठे जात नाही, आता फक्त गुडघ्यांचं बघायचं.

आणि मी बघितलं हो! वर्षभर रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळत गेलो. सुरुवातीला मी चढायला लागलो की उतरून येणारे आजोबा “हळू रे बाळा” म्हणायचे. सहा महिन्यांनी मी त्यांना म्हणायला लागलो. उतरताना मोती चौक टाळायला लांबून वळसा घालायचो, कारण सकाळी पेढ्यांचा खवा भाजत असतो आणि त्या वासाला माझे पाय आपोआप वळतात, गुडघे कसेही असोत. भाकरीवरचं तूप बंद केलं. आईला ते स्वतःच्या माहेरचा अपमान वाटला. दर रविवारी मी भिंतीला पाठ टेकून उभा राहायचो, आई शिवणाच्या टेपने घोटे मोजायची आणि अप्पा ‘कालनिर्णय’च्या मागे दुधाच्या हिशेबाशेजारी आकडा लिहायचे. “दूध दीड लिटर. घोटे पाच पूर्णांक तीन.” “दूध एक लिटर. घोटे पाच.” एप्रिलमधल्या एका रविवारी आईने टेप दोनदा लावला आणि काही न बोलता आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. चार पूर्णांक सहा.

दुसरी मुलाखत २००३ च्या उन्हाळ्यात, अलाहाबादला. मैदानावर फळी बघितली आणि मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. बाकीची पोरं डोकं खाजवत होती. मी पुढे झालो, खणखणीत आवाजात म्हणालो, “मला अनुभव आहे. मी मागच्या टोकावर उभा राहतो, तुम्ही बिनधास्त निघा.” पहिला निघाला रोहतकचा पैलवान. चांगला अंगापिंडाने भरलेला. तो अधांतरी भागावर दोन पावलं गेला असेल नसेल, आणि मला एकदम फार लांबचं दिसायला लागलं. झाडांचे शेंडे दिसले. पलीकडच्या टोळीचं मैदान दिसलं. साहेबांच्या टोपीचा वरचा भाग दिसला.

तेरा किलो मी विसरलो होतो.

पैलवान लाल रंगात जाऊन बसला, फळी त्याच्या मागोमाग गेली आणि मी दोराच्या वेटोळ्यात उतरलो. नियमानुसार सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा उभं राहायची वेळ आली तेव्हा मी टोकाकडे वळलो, तर पैलवानाने मला काखेत धरून बाजूला ठेवलं. अक्षरशः ठेवलं.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, गेल्या वेळी काय झालं होतं? मी सुरू केलं. कान, लोड, घोडा, गड, टेप, सगळं सांगितलं. दहा मिनिटं तरी बोललो असेन. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “छान. याशिवाय वर्षभरात काय केलंस?”

मी आठवून बघितलं. खूप आठवून बघितलं.

त्यांनी सोपं करून दिलं. इराकमधल्या युद्धाबद्दल तुझं मत काय? मार्चपासून सगळ्या जगाच्या पहिल्या पानावर तेच होतं. आमच्या घरीही पेपर यायचा, पण तो यायचा तेव्हा मी गडावर असायचो आणि उतरून येईपर्यंत त्यावर आईने पापड वाळत घातलेले असायचे. त्यामुळे मला त्या युद्धाची उजवी बाजूच तेवढी माहीत होती. डावीवर पापड होते. हे मी साहेबांना सांगायला नको होतं.

पाचव्या दिवशी तीन नंबर पुकारले गेले. पैलवानाचाही होता. उरलेल्यांना गाडीने स्टेशनवर सोडलं. फलाटावर पुरी-भाजी खाताना मी पाय जुळवून बघितले. आयुष्यात पहिल्यांदा माझे गुडघे अगदी निर्दोष होते, आणि ते आता कुणी बघायला मागत नव्हतं. मी दुसरी प्लेट सांगितली.

घरी पोचलो तेव्हा अप्पा झोपाळ्यावर होते. या वेळी पेढे आणलेले नव्हते. मी चपला काढेपर्यंत ते थांबले.

“गुडघे?”

“गुडघे ठीक होते, अप्पा.”

“मग काय अडलं?”

“अक्कल.”

अप्पांनी झोपाळा थांबवला. बराच वेळ माझ्या पायांकडे बघत राहिले आणि मग कारकुनी आवाजात, एखादी जुनी नोंद दुरुस्त करावी तसं म्हणाले, “म्हणजे गुडघे घासताना तीही झिजली म्हणायची.”

तेवढ्यात आतून आजीचा आवाज आला, “आणि नाक? ते बघितलं का त्यांनी या खेपेला?”